इमान कोणी राखावयाचे?

इमान हा शब्द उच्चारला की आपल्या लोकांच्या मनात प्रथम कुत्रा उभा राहतो. धन्याच्या दारी अर्धपोटी राहून राखण करणारा, मेंढरांमागे रानोमाळ फिरणारा, प्रसंगी लांडग्यावर तुटून पडणारा, असा तो कुत्रा होय. आणि त्याची स्तुती करण्यात कोणी हात आखडता घेत नाही. परंतु इमान ही दोन टोकांची दोरी आहे. एक टोक जनावराच्या गळ्यात असते, दुसरे माणसाच्या हातात असते. आणि आजवर आपण पहिल्या टोकाचीच परीक्षा पुष्कळ केली आहे. कुत्र्याने माणसाशी इमान राखावे हे सर्वांस मान्य आहे. माणसाने कुत्र्याशी इमान राखावे काय, आणि विशेषेकरून ते कुत्रे बुजरे, घाबरट, कोणत्याच कामास न येणारे निघाले तरीही राखावे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न कुत्र्याचा असला तरी तो कुत्र्यापाशीच संपत नाही, हे वाचकांच्या पुढे ध्यानात येईल.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकांस कारवानी कुत्र्याची ओळख करून देण्याची गरज नाही. अरुंद व लांब तोंड, खोल छाती, पाठीस लागलेले पोट, काठीसारखे पाय, चाबकासारखी शेपटी, आणि खांद्यापाशी दोन ते सव्वादोन फूट उंची, असा हा कुत्रा आपल्याकडे अनेक गावी दिसतो. ज्याच्या कानांवर व शेपटीवर लांब केस असतात त्यास पश्मी म्हणतात. विलायतेतील ग्रेहाउंड हा दिसण्यात व चालीरीतीत ह्याचाच भाऊबंद शोभतो. वायव्येकडून येणाऱ्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हे कुत्रे दख्खनेत आले व त्यावरून त्यांस हे नाव पडले असे सांगतात. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जतन केली, त्यामुळे तिकडे तिला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढिली, त्यांत हा एक होता. आणि पुढे मेरठ येथील लष्करी केंद्रात ह्या जातीच्या कुत्र्यांस शिक्षण देण्यासही आरंभ झाला.

ह्या सर्व कीर्तीचा पाया एकच होता, आणि तो म्हणजे शिकार. हा कुत्रा वासाने माग काढीत बसत नाही. डोळ्यांनी पाहतो आणि धावतो. माळावर दूर सशाचा कान हलला की तो सुटलाच. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली, आणि ती झाली हे योग्यच झाले. ज्या माळांवर तो धावत असे त्यांतील पुष्कळ माळ आता नांगराखाली आले असून तेथे सोयाबीन, तूर व ऊस उभा आहे. अशा रीतीने ज्या कामासाठी माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करीत करीत हे जनावर घडविले, ते काम माणसानेच काढून घेतले. जनावर मात्र राहिले. आज कोणी ते शौकासाठी बाळगतो, कोणी राखणीसाठी, तर कोणी केवळ शेजाऱ्याच्या दारी आहे म्हणून. आणि मग त्यांपैकी कित्येकांस असा अनुभव येतो की, दिसावयास वाघासारखा असलेला हा कुत्रा घरात सशासारखा वागतो.

आमच्या घरी अशी एक कुत्री गेली चार वर्षे आहे. लोहारा तालुक्यातील एका आखाड्यावरून ती आली तेव्हा सात-आठ महिन्यांची होती, आणि तोवरचे तिचे आयुष्य बहुतेक एका पत्र्याच्या खोपटात साखळीवर गेले होते. मुलांनी तिचे नाव हरणी ठेविले. नाव रूपावरून ठेविले खरे, पण ते स्वभावासही तितकेच लागू पडले. कुकरची शिट्टी झाली की ती बाजेखाली शिरते. थाळी हातातून निसटली, छत्री उघडली, पाहुण्याने काठी भिंतीस टेकविली, कोणी उंबऱ्यावर उभे राहून मोठ्याने हाक मारिली, की तिचे कान मागे जातात, शेपटी पोटाशी जाते आणि सर्वांग थरथरू लागते. कोणी पाहत असेल तर ती भाकरीस तोंड लावीत नाही. बाहेर नेली असता एखाद्या फटफटीच्या आवाजाने ती अशी झटका देते की, मान डोक्याइतकीच जाड असल्यामुळे साधा गळपट्टा क्षणात निसटून येतो, आणि मग तिला गाठणे माणसाचे काम नव्हे. कारण ही जात एकदा सुटली म्हणजे घोड्यासही हार जात नाही.

बुजऱ्या कुत्र्याचे पंचांग माणसाच्या पंचांगाहून वेगळे असते. आपण मृगाच्या पावसाची वाट पाहतो; ते कुत्रे मृगाच्या विजांनी दोन-दोन दिवस अन्न सोडते. आपण पोळ्यास बैल सजवून वाजत-गाजत मिरवितो. ते कोनाड्यात तोंड खुपसून बसते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर संबळ व हलग्या वाजतात, दिवाळीत फटाके उडतात, लग्नसराईत तर रात्र रात्र भिंती हादरतात. आणि ह्या सर्वांहून त्यास कठीण जाणारा दिवस आमच्या पाहण्यात वेळ अमावस्येचा आहे. त्या दिवशी एकही आवाज नसतो. सारा गाव आंबील, भज्जी व उंडे घेऊन शिवारात जातो, गल्ली ओस पडते, आणि ज्या घरी कुत्रे बांधून ठेविले असेल तेथे ते दिवसभर दाराची चौकट कुरतडीत, दार ओरबाडीत, कण्हत राहते. गोंगाटाची भीती आपल्या ध्यानात येते. एकटेपणाची भीती येत नाही, कारण ती सोसली जाते त्या वेळी आपण तेथे नसतो.

आमच्या गल्लीत एक वृद्ध शेतकरी आहेत. जनावरांचे त्यांचे ज्ञान दांडगे, आणि मनाने ते कठोर नव्हेत. एके दिवशी हरणीस बाजेखालून काढीत असलेले पाहून ते म्हणाले, “साहेब, हे कुत्रं हाय का कोकरू? चार फटके द्या, गुमान बसंल. नाहीतर सोडून द्या की रानात. फुकटची भाकर कशाला घालताव?”

आम्ही विचारिले, “तात्या, तिचा गुन्हा काय?”

“गुन्हा कसला? भ्याडपणा. कुत्र्यानं भिऊ नये.”

तात्यांच्या ह्या बोलण्यात दोन मते आहेत, आणि ती एकट्या तात्यांची नव्हेत. पहिले मत असे की, भीती हा दोष आहे व दोषास शिक्षा हवी. दुसरे मत असे की, ज्याचा उपयोग नाही त्याचा आपल्यावर हक्कही नाही. दोन्ही मते क्रमाने तपासून पाहू.

दोष कोणास लावावा? ज्यास वेगळे वागता आले असते व तरीही जो तसा वागला नाही त्यास. आता ह्या कुत्र्याकडे पाहा. लांबट तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात असे शास्त्रज्ञांस आढळून आले आहे. त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर कोठेही काही हलले तर ते ह्या डोळ्यांतून सुटत नाही. माणसाच्या कानास दर सेकंदास फार तर २०,००० कंपनांचा आवाज कळतो. कुत्र्याच्या कानास सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा कळतो. ज्या डोळ्याने सशाचा कान दिसावा म्हणून आपल्या पूर्वजांनी ही जात वाढविली, त्याच डोळ्यास घरातल्या पडद्याचे हलणेही दिसते. ज्या अंगाने डोळे मिटून उघडण्यापूर्वी झेप घ्यावी म्हणून ते निवडिले, तेच अंग थाळीच्या आवाजाने दचकते. चपळता हवी पण दचकणे नको असे म्हणणारा मनुष्य, विस्तव हवा पण धग नको असे म्हणणाऱ्यासारखा होय.

दुसरे कारण संगोपनाचे. अमेरिकेत जॉन स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे निरनिराळ्या जातींची पिले वाढवून पाहिली व १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांस असे दिसून आले की, जन्मापासून सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाचे जगाशी नाते जुळण्याचा काळ होय. त्या दिवसांत ज्या पिलास माणसांचा हात, आवाज व वास मिळाला नाही, ते पुढे माणसास भिते. ग्रेहाउंडांच्या शर्यतींत हेच मोठ्या प्रमाणावर दिसून आले. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात २०१८ साली मतदारांनी ह्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला व २०२० च्या अखेरीस त्या बंद झाल्या. अशा शर्यतींतून निवृत्त झालेली कुत्री ज्यांनी घरी नेली त्यांस वारंवार असे आढळले की, ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारे हे जनावर जिन्याची एक पायरी चढावयास भिते, काचेच्या दाराशी गोंधळते आणि घरात एकटे ठेविले तर आकांत करिते. कारण सोपे आहे. त्याने जन्मभर पिंजरा, मैदान व सोबतची कुत्री ह्यांपलीकडे काही पाहिलेच नव्हते.

तेव्हा तात्यांचे पहिले मत टिकत नाही. भीतीचा अर्धा भाग आपण निवडीने त्याच्या रक्तात घातला, व अर्धा संगोपनाने त्याच्या मनात घातला. ज्याने विहीर उकरली त्यानेच आत पडलेल्यास बोल लावावा, तसा हा न्याय होईल.

परंतु कोणी म्हणेल, “दोष नसला म्हणून काय झाले? मारल्याने जर ते गप्प बसत असेल, तर मारण्यास काय हरकत आहे? आम्ही स्वतः पाहिले आहे, मारलेले कुत्रे गप्प बसते.” ते गप्प बसते हे खरे आहे. प्रश्न असा की, ते गप्प का बसते?

१९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर ह्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता हे आम्ही आधीच सांगून ठेवितो. काही कुत्र्यांस विजेचे असे झटके देण्यात आले की, त्यांनी काहीही केले तरी ते चुकत नसत. नंतर त्यांस अशा पेटीत ठेविले की, मधला बुटका आडोसा ओलांडला की झटक्यातून सुटका होई. ज्या कुत्र्यांस पूर्वी झटके मिळाले नव्हते ती लवकरच आडोसा ओलांडून पलीकडे गेली. पूर्वीच्या झटक्यांतून सुटण्याचा मार्ग ज्यांस मिळाला नव्हता, त्यांपैकी बहुतेक मात्र जागीच पडून कण्हत राहिली. सुटकेचा मार्ग समोर असूनही त्यांनी प्रयत्न केला नाही. पुढे त्यांस दोरीने ओढून पुन्हा पुन्हा आडोशापलीकडे न्यावे लागले, तेव्हा कोठे, आपल्या हालचालीने काही फरक पडतो, हे त्यांस उमगले.

वाचकहो, मारामुळे गप्प बसलेल्या कुत्र्याची गत अशीच असते. त्याची भीती गेलेली नसते. भीती सांगण्याची त्याची आशा गेलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, आणि म्हणूनच मनुष्य फसतो. ह्यात आणखी एक धोका आहे. कान मागे जाणे, तोंड फिरविणे, ओठ चाटणे, गुरगुरणे ही भ्यालेल्या कुत्र्याची भाषा होय. तीतून तो सांगतो की, मला वाट द्या. गुरगुरण्याबद्दल ज्यास मार मिळाला तो पुढे न गुरगुरताच चावतो, आणि असा चावा बहुधा घरातल्या लहान मुलास बसतो.

आता भीती ही किती खोल जाते ह्याविषयी दोन शब्द. रशियातील पावलॉव्ह ह्या प्रख्यात शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९२४ च्या सप्टेंबरात नेवा नदीच्या पुराचे पाणी शिरले. पिंजऱ्यांत अडकलेली कुत्री पाण्यावर नाक धरून कशीबशी जगली व नंतर त्यांस बाहेर काढण्यात आले. पूर ओसरला; पण त्यांतील काही कुत्र्यांची शिकविलेली सर्व विद्या पार विसकटून गेली. ती हळूहळू परत आल्यावरही, दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडिली एवढ्यानेच एका कुत्र्याची अवस्था पुन्हा पहिल्यासारखी झाली.

आपल्या जिल्ह्यातील लोकांस हे समजण्यासाठी रशियापर्यंत जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व सास्तूरच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर धडधाकट पुरुष कित्येक दिवस छपराखाली झोपावयास धजत नसत. जड मालमोटार रस्त्याने गेली व जमीन किंचित हादरली की बायामाणसे मुले उचलून अंगणात धावत. त्या वेळी त्यांस कोणी भ्याड म्हटले नाही, आणि चार फटके द्या असेही कोणी सुचविले नाही. सर्वांस ठाऊक होते की, ज्या जमिनीवर विश्वास ठेवून ते निजले होते तिनेच दगा दिला होता. आणि त्यांची भीती कशाने ओसरली? उपदेशाने नव्हे. रोज रात्र आली व रोज सकाळ झाली. जमीन आपल्या जागी राहिली. नव्या घराचे छप्पर वर टिकले. असे शेकडो वेळा झाले, तेव्हा मन हळूहळू सैल झाले. काहींचे मात्र कधीच पुरते सैल झाले नाही.

कुत्र्यास पुराण, प्रवचन, समजूत ह्यांपैकी काहीच पोचत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत तर हा एकच उपाय उरतो. त्याच्या भोवतीची जमीन स्थिर झाली पाहिजे, आणि ती जमीन म्हणजे आपण.

येथे आम्हास दयेविषयीही काही म्हणावयाचे आहे. पुष्कळांस वाटते की मार नको तर दया हवी. दया हवीच, पण नुसती दया पुरत नाही. ज्या दिवशी मन प्रसन्न असेल त्या दिवशी कुत्र्यास मांडीवर घ्यावे, दुधात भाकरी कुस्करून घालावी, आणि पुढचे तीन दिवस कामाच्या गर्दीत त्याची आठवणही ठेवू नये, ही दया पुष्कळ घरांत दिसते. भ्यालेल्या जनावरास अशी दया समजत नाही. आज हात आला तो कुरवाळावयास, उद्या येईल तो कशाला हे त्यास ठाऊक नसते. त्यास हवे असते ते असे की, काल जे झाले तेच आज व्हावे. ठरल्या वेळी भाकरी, ठरल्या वेळी फेरी, तोच गळपट्टा, तीच हाक, तोच निजण्याचा कोपरा. ह्यात उमाळा नाही, शोभा नाही, कोणी पाहून स्तुती करील असेही काही नाही. ह्या नीरस नियमितपणासच आम्ही इमान म्हणतो. दया मनाच्या भरतीबरोबर येते व ओहोटीबरोबर जाते. इमान रोज सकाळी सहा वाजता उठते.

हे प्रत्यक्षात कसे करावे हे थोडक्यात सांगतो. घरातील एक कोपरा कुत्र्याचा असावा. तेथे तो गेला असता मुलांनी त्यास ओढू नये व पाहुण्यांनी वाकून पाहू नये. ह्या जातीच्या अंगावर चरबी थोडी व केस आखूड, म्हणून थंडीच्या दिवसांत खाली गोणपाट व वर जुनी गोधडी द्यावी. गळपट्टा रुंद असावा व निसटणार नाही असा बसवावा. ज्या आवाजाची भीती असेल तो प्रथम दुरून, अगदी हलका ऐकवावा व त्याच वेळी आवडीचा घास द्यावा. कुत्रे स्वस्थ राहिले तरच दुसऱ्या दिवशी थोडे पुढे जावे. एकटे राहावयास शिकविताना प्रथम दाराबाहेर दोन क्षण, मग दोन मिनिटे, मग पाच, अशी पायरी-पायरीने वाढ करावी. भ्यालेल्यास जवळ घेतले तर त्याची भीती वाढते असा एक समज आहे; तो खरा नाही. भीती हे काही बक्षिसासाठी केलेले सोंग नव्हे. ते जवळ आले तर येऊ द्यावे, न आले तर ओढून आणू नये. आणि जे कुत्रे आजवर निर्भय होते ते जर एकाएकी भिऊ लागले वा चवताळू लागले, तर त्यास अंगावर न घेता पशुवैद्यास दाखवावे; कारण ते एखाद्या दुखण्याचे, क्वचित पिसाळण्याचेही, पहिले लक्षण असू शकते. पिसाळण्यावरील लस तर प्रत्येक कुत्र्यास वेळच्या वेळी टोचून घ्यावीच.

एवढे करूनही सर्व भीती जाईल असे नाही. हरणी आता आमच्यासमोर भाकरी खाते, कुकरच्या शिट्टीस कान हलवून पुन्हा डोळे मिटते, आणि दोन तासपर्यंत एकटी राहते. विजा चमकू लागल्या म्हणजे मात्र ती अजूनही बाजेखाली जाते, आणि बहुधा आयुष्यभर जाईल. इमानाचे फळ म्हणून निर्भयता मिळेलच अशी अट घातली, तर ते इमान राहत नाही. तो सौदा होतो.

आता तात्यांचे दुसरे मत. ते अधिक वजनदार आहे, आणि त्यास हसण्यावारी नेता येत नाही. आपला जिल्हा कोरडवाहू. पाऊस चुकला की माणसांच्या तोंडचा घास जातो. तेव्हा निरुपयोगी कुत्र्यास भाकरी का घालावी? ह्यास आमचे उत्तर असे. कुत्रे पाळलेच पाहिजे असे कोणावर बंधन नाही, आणि मुलाचा घास काढून कुत्र्यास घाला असे कोणी शहाणा सांगणार नाही. ज्यास पाळणे झेपत नाही त्याने ते घेऊ नये. न घेण्यात काही पाप नाही. परंतु ज्या दिवशी आपण त्याच्या गळ्यात दोरी घातली, त्या दिवशी त्याचे स्वतःचे पोट भरण्याचे, पळून जाण्याचे, दुसरा धनी शोधण्याचे सर्व मार्ग आपण आपल्या हाती घेतले. हक्क उपयोगातून उत्पन्न होत नाही. ह्या हिरावून घेण्यातून उत्पन्न होतो. ज्याचे सर्व मार्ग आपण बंद केले त्यास आपल्यापर्यंतचा मार्ग तरी उघडा असला पाहिजे. आपल्या देशाचा कायदाही ह्या बाबतीत मुका नाही. प्राण्यांस निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा जो १९६० चा कायदा आहे, त्याच्या अकराव्या कलमात जनावर अवाजवी आखूड वा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणे, आणि पाळलेले जनावर उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे, हे अपराध म्हणून सांगितले आहेत. म्हणून “सोडून द्या की रानात” हा सल्ला दिसावयास सोपा असला तरी तो मोकळीक देण्याचा नव्हे. साखळीवर वाढलेले बुजरे जनावर महामार्गाच्या कडेला सोडणे म्हणजे ज्यास आपण पोहणे शिकविले नाही त्यास डोहाकाठी सोडणे होय. खरोखरच झेपत नसेल तर त्यास सांभाळील असे घर धुंडाळावे, आणि ते मिळेपर्यंत आपण सांभाळावे.

आरंभी आम्ही म्हटले की हा प्रश्न कुत्र्यापाशी संपत नाही. ज्या घरात मनुष्य रोज भिऊन राहतो अशी घरे आपल्या गावात नाहीत काय? वर्गात प्रश्न विचारिला की ज्याची जीभ टाळूस चिकटते असा मुलगा, बापाच्या पावलांचा आवाज ओळखून स्वयंपाकघरात सरकणारी सून, मुकादमासमोर हिशेब न विचारणारा ऊसतोड मजूर, ह्या सर्वांस आपण गरीब स्वभावाची, आज्ञाधारक माणसे म्हणून नावाजतो. ती गप्प आहेत म्हणून सुखी आहेत असे आपण गृहीत धरितो. हे गप्प बसणे समाधानाचे की आशा सुटल्याचे, हे पाहिल्यावाचून कोणी बापाने, शिक्षकाने वा बोधकाने आपल्या धाकाचा अभिमान बाळगू नये. ज्यास आपली भीती वाटते त्यास आपण समजावून सांगितलेले फारसे ऐकू येत नाही. तो आपले शब्द ऐकत नाही, आपल्या हाताकडे पाहत असतो. तो हात रोज सारखाच वागला, तर कालांतराने तो शब्दही ऐकू लागेल.

दरवर्षीप्रमाणे दिवाळी येईल. ज्यांच्या दारी असे एखादे बुजरे कुत्रे आहे त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी त्यास फिरवून आणावे, लवकर भाकरी घालावी, आतल्या खोलीत त्याच्या गोणपाटावर न्यावे, खिडक्या लावाव्या, आणि घरातील एका माणसाने त्याच्या शेजारी काही वाचीत वा निवडीत बसून राहावे. काही बोलण्याची गरज नाही. फटाके थांबेपर्यंत उठू नये, एवढेच.